झूमची पहिली थंडी

दिवाळीच्या फराळाचे डबे रिकामे होतात, सकाळी आर. के. पुरमच्या झाडांवर धुरकट पांढरं काहीतरी बसायला लागतं, आणि आमच्या घरात रजयांच्याही आधी माझी कॅमेऱ्याची बॅग उन्हात येते. बाल्कनीत सतरंजी टाकायची, लेन्सा ओळीनं मांडायच्या, टोपणं काढून एकेकीच्या आत डोकावायचं. पावसाळ्यात कुणाला बुरशी धरलेली नाही ना, हे बघायला दिल्लीच्या थंडीतल्या उन्हासारखं दुसरं काही नाही. शेजारच्या पंजाबी काकू त्याच उन्हात गाजर-फ्लॉवरच्या लोणच्याच्या बरण्या ठेवतात. कठड्यावरून त्या माझ्या लेन्सांकडे बघतात, मी त्यांच्या बरण्यांकडे बघते, आणि दोघींनाही वाटतं की समोरचीला दुसरं काही काम नाही.

लग्नसराई सुरू व्हायची ही वर्दी. यंदा माझ्या मुलीचा, रेवाचा, गुडगावहून फोन आला. "आई, इस बार झूमच नेणार ना? की परत तुझे ते छोटे छोटे डबे?" छोटे डबे म्हणजे माझ्या जुन्या लेन्सा. मी म्हटलं, "बघू." ती हसली. माझ्या 'बघू'चा अर्थ तिला लहानपणापासून पाठ आहे. फोन ठेवून मी गुडघ्याला ऊन लागेल असा पाय पसरला आणि मला ती थंडी आठवली, ज्या थंडीत ही झूम पहिल्यांदा माझ्या गळ्यात पडली.

मी लग्नांचे फोटो काढते. दिल्लीतल्या मराठी लोकांची लग्नं, मुंजी, डोहाळजेवणं. नवऱ्याची केंद्र सरकारातली नोकरी म्हणून सोलापूरहून इथे आले. आधी गणेशोत्सवात हौसेनं फोटो काढायची, मग कुणीतरी मुंजीला बोलावलं, मग लग्नाला, आणि बघता बघता हौसेचा व्यवसाय झाला. इथल्या मोठमोठ्या स्टुडिओवाल्यांना आमची लग्नं कळत नाहीत. दिल्लीचं लग्न रात्रीचं. घोडी, बँड, रस्त्यात तासभर नाच, मग कुठे जेवण. आमचा मुहूर्त सकाळचा. हॉलवाले रात्रीच्या लग्नातून नुकते आडवे झालेले असतात. आम्ही सनईची टेप लावतो तेव्हा अंगणात विझलेल्या तंदूरचा वास असतो, खुर्च्यांखाली कालच्या गुलाबपाकळ्या असतात, आणि एखादा वेटर डोळे चोळत विचारतो, "इतनी सुबह शादी कौन करता है, मैडम?" मला ही वेळ फार आवडते. धुक्यातून गाळून आलेला उजेड खिडक्यांतून आत येतो आणि त्यात कुणाचाच चेहरा कठोर दिसत नाही.

ज्यांना या भानगडीतलं काही ठाऊक नाही त्यांच्यासाठी सांगते. प्राइम लेन्स म्हणजे एकाच नजरेची लेन्स. तिला जवळ-लांब करता येत नाही. माझी पस्तीसची लेन्स खोलीभर बघते, पन्नासची साधारण आपल्यासारखं बघते, पंच्याऐंशीची एका चेहऱ्यावर जाऊन बसते. चेहरा मोठा हवा तर आपण पुढे जायचं, सगळे हवेत तर मागे सरकायचं, आणि दोन्ही जमत नसेल तर लेन्स बदलायची. झूमला एक कडं असतं. ते फिरवलं की जागेवर उभ्या उभ्या चोविसापासून सत्तरपर्यंत सगळं होतं. प्राइम म्हणजे एकेका पदार्थाचं वेगळं भांडं, झूम म्हणजे कुकर. कुकरात वरण, भात, बटाटे सगळं होतं, तरीही काही बायका पुरणाला पितळेचं पातेलंच काढतात. मी त्या बायकांतली.

त्यातही पंच्याऐंशी माझी लाडकी. तिच्यातून आत येणारा उजेड इतका, की अर्ध्या अंधारातल्या हॉलमध्येही चेहरा मिळतो, आणि चेहऱ्यामागचं सगळं, म्हणजे प्लास्टिकची फुलं, लाल खुर्च्या, पंख्याच्या तारा, सगळं विरघळून जातं. अंतरपाट खाली जातानाचा नवरीचा चेहरा ही माझी खासियत समजली जायची. स्टेजवर नवऱ्याच्या खांद्यामागे घुसायचं, श्वास धरायचा आणि कापड खाली आलं की टिपायचं. रेवा त्याला 'परदा' म्हणते. "आई, तो परदा गिरतो तेव्हाचा फोटो, एकदम किलर असतो तुझा." अंतरपाट हा शब्द तिला मी पुष्कळदा शिकवला आणि पुष्कळदा तो हरवला.

माझ्याकडे शिकायला येणाऱ्या मुलींना मी ऐकवायची, "पाय कशाला दिलेत देवानं? चाला!" झूमवाल्यांना मी मनातल्या मनात आळशी म्हणत असे, कधी कधी तोंडावरही. जवळ जाण्याचं मला वेडच होतं. जवळ गेलं की मोगऱ्याचा वास येतो, नव्या शालूची खळ नाकात जाते, नवऱ्याच्या कपाळावरचा घाम दिसतो, एखादी आत्या दुसरीच्या कानात काय पुटपुटते तेही ऐकू येतं. लोकांना तुमची सवय होते आणि ते तुम्हाला विसरतात. त्या विसरण्यात खरा फोटो असतो असं माझं ठाम मत होतं, आणि माझी मतं बदलायला फार कष्ट पडतात.

त्या वर्षी कष्ट गुडघ्यानं घेतले. ऑक्टोबरात मेट्रोचा जिना उतरताना उजवा गुडघा असा काही बोलला की मी कठडा धरून तिथेच उभी राहिले. डॉक्टर म्हणाले, उकिडवं बसणं बंद, जिने कमी, वजन उचलू नका. मी त्यांना माझं काम काय ते सांगितलं. ते म्हणाले, "अच्छा, तो फिर काम बदल लीजिए." इतक्या सहज, जणू चादर बदलायची होती! फेब्रुवारीपर्यंतच्या तारखा दिलेल्या होत्या. घरी येऊन मी काहीच बोलले नाही, पण मला खरोखर भीती वाटली. या शहरात माझं म्हणून जे काही आहे ते या कामानं दिलेलं आहे.

रेवानं मात्र ओळखलं. तिनं चांदणी चौकातल्या कॅमेऱ्यांच्या गल्लीतून ती झूम भाड्यानं आणली आणि डायनिंग टेबलावर ठेवली. "एक सीझन वापरून बघ. नाही आवडली तर वापस. झगडा नको, प्लीज."

मी झूमची परीक्षा घ्यायची ठरवली, आणि ती नापास व्हावी अशी मनोमन इच्छाही धरली. भिंतीवर वर्तमानपत्र डकवलं, कॅमेऱ्याला तिपाई लावली, आणि प्रत्येक लेन्सनं तोच कागद टिपला. मग कंप्युटरवर अक्षरं मोठी करून बघत बसले. कोपऱ्यांत झूम थोडी मऊ निघाली. चोविसावर दाराची चौकट किंचित फुगलेली दिसली. मला आनंद झाला. मग मधला भाग बघितला, आणि माझ्या पन्नासच्या लेन्समध्ये आणि तिच्यात फरकच सापडेना. चष्मा पुसून पुन्हा बघितलं, तरी सापडेना. उजेडाच्या बाबतीत मात्र पंच्याऐंशीनं तिला पाणी पाजलं. पंच्याऐंशी जितका उजेड आत घेते त्याच्या पाव हिस्सा झूमच्या वाट्याला. रेवाला खुर्चीत बसवून दोन्हींनी तिचा चेहरा घेतला. पंच्याऐंशीच्या फोटोत मागचं कपाट नाहीसं झालं होतं. झूमच्या फोटोत कपाट होतं, कपाटावरची बॅग होती, बॅगेचा तुटलेला पट्टाही होता. "देखो, हा पसारा!" मी विजयानं म्हटलं. रेवा म्हणाली, "आई, पण पसारा आहेच ना आपल्याकडे."

पहिली कसोटी फरीदाबादच्या मुंजीत लागली. कारखान्यातल्या इंजिनिअरचं घर, गच्चीवर मांडव, धुकं इतकं की शेजारच्या गच्चीवरच्या टाक्यासुद्धा दिसत नव्हत्या. मातृभोजनाला बटू आईच्या शेजारी बसला, समोर अष्टवर्गाची, म्हणजे त्याच्यासोबत जेवायला बोलावलेली, पोरं ओळीनं. एरवी मी इथे खाली बसून, पुढे सरकून, मागे सरकून सगळ्यांना नको जीव केला असता. त्या दिवशी खांबाला टेकून उभी राहिले आणि कडं फिरवत गेले. घास तोंडात जाताना बटूचे डबडबलेले डोळे मिळाले, आणि पुढच्याच क्षणी ओळीतल्या शेवटच्या पोरानं शेजाऱ्याच्या पानातला लाडू पळवला तोही मिळाला. पस्तीस लावलेली असती तर डोळे गेले असते, पंच्याऐंशी लावलेली असती तर लाडू गेला असता. हे मी कुणाला बोलून दाखवलं नाही.

आणखी एक गोष्ट कबूल करायलाच हवी, ती अक्षतांची. लेन्स बदलायची म्हणजे कॅमेऱ्याचं तोंड क्षणभर उघडं पडतं, आणि आपल्या लग्नात नेमक्या त्याच वेळी आकाशातून तांदूळ पडत असतात. फार पूर्वी एकदा मंगलाष्टकांच्या मध्येच मी पस्तीस काढून पंच्याऐंशी लावत होते, कुणा उत्साही काकांनी मूठ भिरकावली, आणि कुंकवातला एक दाणा सरळ कॅमेऱ्याच्या पोटात गेला. पुढच्या सगळ्या फोटोंत एक काळपट ठिपका. सासूबाईंच्या गालावर ठिपका, मामांच्या फेट्यावर ठिपका, जिलबीच्या ताटात ठिपका. कॅमेरे दुरुस्त करणाऱ्यानं चिमट्यानं दाणा काढून उजेडात धरला आणि गंभीरपणे विचारलं, "मैडम, बासमती है क्या?" इथल्या पंजाबी फोटोग्राफरांना हे दुःख कळायचं नाही. त्यांच्याकडे पाकळ्या पडतात.

तरीही झूम मला मनापासून आवडत नव्हती. मनगट भरून यायचं, हा एक भाग. दुसरा म्हणजे मी सगळ्यांपासून लांब पडले होते. आमच्याच कॉलनीत एक डोहाळजेवण होतं. मी कोपऱ्यात स्टुलावर बसून काम करत होते. ओटी भरायला आलेल्या देशपांडे आजी वळून म्हणाल्या, "अगं, रुसलीस का आमच्यावर? लांबून काय काढतेस, जनगणनेवाली असल्यासारखी?" सगळ्या हसल्या, मीही हसले, पण ते लागलं. फोटो व्यवस्थित आले होते. सगळं होतं त्यांत, फुलांच्या वाड्या, हिरवा चुडा, ओटीतला नारळ. मोगऱ्याचा वास तेवढा नव्हता.

लोक मला अजून विचारतात, शेवटी चांगली कोणती? माझं उत्तर त्यांना आवडत नाही. एकाच चेहऱ्यासाठी, कमी उजेडात, हाती वेळ आणि पायांत बळ असेल तर पंच्याऐंशी. घरभर माणसं, एकच संधी आणि दुखरा गुडघा असेल तर झूम. भाड्याची झूम मी परत केली आणि पुढे तशीच एक विकत घेतली. पंच्याऐंशी विकली नाही. ती बॅगेत असते, कधी बाहेर येते, कधी नुसतीच सोबत करते. पण त्या थंडीत असं शहाणपणाचं उत्तर माझ्याकडे नव्हतं. मी दोन्हींवर चिडलेली होते आणि गुडघ्यावर सगळ्यात जास्त.

अशात जानेवारीत छावणीतलं लग्न आलं. सुभेदारसाहेबांच्या मुलीचं, अश्विनीचं. दिल्लीच्या छावणीत शिरलं की दुसरंच गाव लागतं. चुन्यानं रंगवलेल्या विटा, भांग पाडल्यासारखी कापलेली कुंपणं, आणि एका क्वार्टरमधून चक्क लसणीच्या चटणीचा वास. ठरवाठरव करायला मी त्यांच्याकडे गेले तेव्हा सुभेदारसाहेब ड्यूटीवर होते. त्यांच्या पत्नी, शालनवहिनी, मूळच्या साताऱ्याकडच्या. नवऱ्याच्या बदल्यांमागे सगळा देश फिरलेल्या. त्यांच्या बोलण्यात माण तालुका आणि फौजी हिंदी एकाच ताटात जेवत होती. चहा झाला, चिवडा झाला. मग त्यांनी अश्विनीला काहीतरी आणायला आत पिटाळलं आणि खुर्ची माझ्याजवळ ओढली.

"ताई, एक सांगू? आमच्यात लग्न लागताना पोरीची आई बघत न्हाई."

"ठाऊक आहे मला," मी म्हटलं.

"तुळशीला पाणी घालत बसायचं, तिकडं पाठ करून. का, ते इचारू नका. पयल्यापासनं चालत आलंय. अश्विनी म्हणती, आई, ये सब छोड दो, समोर उभी राहा. पण मला न्हाई जमायचं. उद्या संसारात काय वाकडं झालं तर मलाच वाटत राहील, आपली नजर लागली." त्या थांबल्या. आतल्या खोलीत अश्विनी कपाट उघडत होती. "म्हणून तुम्हाला म्हणते. अंतरपाट खाली गेला की माझ्या पोरीचं तोंड कसं दिसत हुतं, तेवढं मला दावा. बाकी फोटू न्हाई आले तरी चालंल. बस, एवढा एक द्या."

इतकी वर्षं लग्नं करतेय, आया तुळशीपाशी जातात हे मला माहीत होतं. मुहूर्ताची गडबड सुरू झाली की त्या तांब्या घेऊन बाहेर जायच्या आणि मी स्टेजवर चढायची. पण ज्या फोटोचं माझं एवढं नाव झालं होतं, तो या बायकांच्या दृष्टीनं काय असतो याचा विचार माझ्या मनात आला नव्हता. बाकी सगळ्यांसाठी तो आठवण असतो. आईसाठी तीच पहिली भेट. माझं स्वतःचं लग्न नोंदणी कार्यालयात झालं, तिथे आई सही करायला समोरच उभी होती. मी शालनवहिनींना म्हटलं, "नक्की देते." म्हणताना आवाज ठाम होता. त्यांच्या क्वार्टरचा जिना उतरताना गुडघ्यानं प्रत्येक पायरीला आठवण करून दिली की तू काय कबूल करून आलीस.

लग्नाच्या दिवशी धुकं उतरायलाच तयार नव्हतं. छावणीतला हॉल, दारात सडा, त्यावर रांगोळी, आणि रांगोळीवरून चालू नये म्हणून ओरडणाऱ्या मावश्या. झूम कॅमेऱ्याला होती, पंच्याऐंशी जाकिटाच्या खिशात. बेत पक्का होता. मंगलाष्टकांच्या आधीच पंच्याऐंशी लावायची, स्टेजवर चढायचं, नवऱ्याच्या खांद्यामागची माझी नेहमीची जागा धरायची. त्या एका फोटोसाठी गुडघ्याचं काय व्हायचं ते होवो.

पण सकाळी गौरीहराची पूजा टिपताना मी सवयीनं खाली बसले. अश्विनी पिवळ्या साडीत पाटावर, हातात अक्षता, डोळे खाली, खिडकीचा उजेड तिच्या अर्ध्या चेहऱ्यावर. न बसून कसं चालेल? फोटो झाला आणि गुडघा धरला. तिच्या मामींनी काखेत हात घालून मला उभं केलं. स्टेजपाशी आले तर लाकडी पायऱ्या उंच आणि धरायला काही नाही. वर करवल्या, मामा, दोन्हीकडचे काका, भटजी. नवऱ्याच्या खांद्यामागे व्हिडिओवाल्यानं आपला स्टँड रोवलेला. एक पाय पहिल्या पायरीवर ठेवला आणि मला स्पष्ट कळलं की चढले तरी मी तिथे उभी राहू शकणार नाही. एक धक्का लागला की आडवी होणार, आणि नवरदेवाला घेऊन.

चारी बाजूंना बघितलं. नवऱ्याच्या पाठीमागच्या बाजूला, भिंतीत, एक दार होतं, व्हरांड्यात उघडणारं. त्या दारापासून स्टेजपर्यंत कुणी उभं नव्हतं. तिथून नवऱ्याच्या खांद्यावरून नवरीचा चेहरा सरळ समोर येत होता. लांब होता, पण मोकळा होता. मी लंगडत तिथे गेले आणि दार ओलांडून व्हरांड्यात आले.

तिथे शालनवहिनी होत्या. क्वार्टरमधली तुळशीची कुंडी आणून ठेवलेली, हातात तांब्या, पाठ हॉलकडे, तोंड बाहेरच्या धुक्याकडे. मला बघून त्यांचा चेहरा पडला.

"ताई, तुम्ही हितं? तिकडं जावा की! माझ्या पोरीचा फोटू?"

"इथूनच घेते, वहिनी."

"हितनं? एवढ्या लांबनं?" त्यांना मागे वळून अंतर मोजताही येईना. त्या नुसत्या माझ्याकडे बघत राहिल्या. त्या बघण्यात राग नव्हता, आणि म्हणूनच मला जास्त वाईट वाटलं. मी आणखी दोन पावलं मागे गेले, व्हरांड्याच्या खांबाला पाठ लावली आणि कॅमेरा उचलला. आता समोर शालनवहिनी, त्यांच्या मागे उघडं दार, आणि दारातून दिसणारं स्टेज.

आत मंगलाष्टकं सुरू झाली. खिशातली पंच्याऐंशी हाताला लागत होती. ती लावली तर चेहरा जास्त मोठा येईल. पण लावेपर्यंत क्षण गेला तर? मध्येच कुणाचा अक्षतांचा हात आडवा आला तर? झूम तशीच राहू दिली. 'सावधान' म्हणून प्रत्येक वेळी हॉल गरजत होता, आणि प्रत्येक वेळी शालनवहिनींच्या तांब्यातली धार हलत होती. त्या ओठातल्या ओठात मंगलाष्टक म्हणत होत्या. ते बघून माझ्या बोटांनी कडं आपोआप मागे फिरवलं आणि चौकटीत त्या आल्या. जवळची आई आणि लांबची मुलगी, दोघी स्पष्ट याव्यात म्हणून मी लेन्सचं तोंड बारीक केलं. शेवटचं कडवं आलं. अंतरपाट खाली गेला. मी टिपलं, कडं सत्तरपर्यंत फिरवलं, पुन्हा टिपलं, पुन्हा टिपलं. मग तांदळाचा पाऊस, टाळ्या, वाजंत्री. शालनवहिनींनी उरलेलं सगळं पाणी एकदम कुंडीत ओतलं.

"झालं?"

"झालं."

"मिळाला?"

मी कॅमेऱ्याचा पडदा डोळ्यांजवळ धरला. आधी शेवटचा, सत्तरवरचा फोटो. मोठा करून बघितला. अश्विनीचा चेहरा साफ आला होता, ओठ किंचित विलग, मुंडावळ्या हलून एका बाजूला गेलेल्या. पण नजर नवऱ्याकडे नव्हती. सरळ माझ्याकडे होती. मी मनात चरफडले. अंतरपाट पडतो तेव्हा कुणी फोटोवालीकडे बघतं का! फोटो बिघडला असं वाटून मी मागचा, रुंद फोटो लावला. त्यात नवऱ्याच्या खांद्यावरून, अक्षतांच्या हातांमधून, उघड्या दारातून अश्विनी बघत होती. समोर तुळशीपाशी, तिच्याकडे पाठ करून, तिची आई बसली होती.

माझ्याकडे नव्हतीच बघत ती.

मी तिथेच खांबाला टेकले. असे किती चेहरे मी घरी बसून बाद केले होते! पंच्याऐंशीनं टिपलेले, सुरेख उजेडातले, नजर नवऱ्याच्या कानावरून भलतीकडे गेलेली. लाजली असेल, बावरली असेल, हाक आली असेल असं म्हणून मी पुढच्या फोटोकडे जायची. त्या लेन्सनं मला चेहरा दिला होता आणि मागचं सगळं विरघळवून टाकलं होतं. त्या मुली कुठे बघत होत्या ते विरघळलेल्यातच राहिलं.

शालनवहिनींनी हात पदराला पुसले. आता वळायला हरकत नव्हती, तरी त्या आधी माझ्याकडेच आल्या. मी अश्विनीचा चेहरा दाखवला. त्यांनी चष्मा वर-खाली केला, बोट पडद्यापर्यंत नेलं आणि टेकवलं नाही.

"गोड दिसती, न्हाई?" त्या म्हणाल्या. मग म्हणाल्या, "ही हिकडं का बघती?"

मी रुंद फोटो लावला.

"ही खाली मान घातलेली बाई कोण?"

"तुम्ही."

त्यांनी बराच वेळ बघितलं. आत सुभेदारसाहेब कुणाला तरी मोठ्यानं पेढे वाटायला सांगत होते. माझ्या मनात आलं की आता या रडतील, आणि मला कुणाला धीर देता येत नाही. पण त्या रडल्या नाहीत. हळूच, स्वतःशी बोलल्यासारखं म्हणाल्या, "मी बी बघितलं हुतं."

"काय?"

"माझ्या लग्नात. अंतरपाट गेला, आन् पयलं दाराकडंच बघितलं. आई पाणी घालत हुती. तिची पाठ तेवढी दिसली." त्यांनी मान हलवली. "तिला काय ठावं? मी बी कदी बोलले न्हाई. काय बोलायचं असतंय त्यात."

मग एकदम त्यांनी ब्लाउजमध्ये खोचलेला छोटा मोबाईल काढला. त्यांची आई गावाकडेच होती. वय झालेलं, एवढ्या थंडीत एवढा प्रवास जमणार नाही म्हणून नातीच्या लग्नाला आली नव्हती. फोन लागला. पलीकडे कानांनी कमी ऐकू येत असावं, आणि आत वाजंत्री थांबायचं नाव घेत नव्हती. शालनवहिनींनी दुसऱ्या कानावर हात दाबला आणि व्हरांड्यातल्या सगळ्यांना ऐकू जाईल इतक्या मोठ्यानं ओरडल्या, "आई! मी बघितलं हुतं गं तुझ्याकडं! अगं, अश्विनीच्या न्हाई! माझ्या! माझ्या लग्नात!"